स्वानंद किरकिरे यांची गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदी चित्रपटगीतांवर लिहिताना वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांत स्वानंद किरकिरे यांच्याबद्दलचे बरेच असतात. मराठी आडनाव, हिंदी गाणी आणि मधूनच कानावर पडणारा त्यांचाच आवाज, म्हणजे कुतूहल साहजिक आहे. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. स्वानंद किरकिरे मुळात कोण? गीतकार, गायक की नट?

मुळात रंगभूमीचा माणूस. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, म्हणजे एनएसडीतून, ते १९९६ साली बाहेर पडले. पुढे मुंबईत दिग्दर्शक सुधीर मिश्रा यांच्याबरोबर काम करता करता सिनेमाच्या गाण्यांकडे आले. हिंदी गीतकार ही त्यांची मुख्य ओळख. पार्श्वगायन त्याच्या जोडीने सुरू झालं, अभिनयाची दखल नंतर घेतली गेली. पण मला विचाराल तर या तिन्ही कामांच्या मागे नाटकवालाच उभा आहे. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि आत्ताच का, हे त्यांच्या गाण्यात आधी ठरलेलं असतं. यमक त्यानंतर येतं.

२. आडनाव मराठी आहे, मग ते महाराष्ट्रातले नाहीत का?

जन्म इंदूरचा. होळकरांच्या राज्यामुळे इंदूरमध्ये मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. नाटक, गाणं, गणेशोत्सव सगळं तिथे मराठीत चालत आलं आहे, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी आणि माळवी. अशा गावात वाढलेल्या माणसाला हिंदी शिकावी लागत नाही. 'मराठी असून इतकं चांगलं हिंदी कसं?' हा प्रश्न म्हणूनच थोडा चुकीच्या जागेवरून विचारला जातो.

त्यांचे आईवडील, नीलांबरी आणि चिंतामणी किरकिरे, दोघंही शास्त्रीय गाणारे आणि कुमार गंधर्वांकडे शिकलेले. कुमारजींचं देवास इंदूरपासून तासाभरावर. माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं कुमारजींनी ज्या तऱ्हेने मैफलीत आणली, तिचे संस्कार या घरावर होते.

३. म्हणजे त्यांनी गाणं रीतसर शिकलेलं आहे?

नाही. घरात गाणं असूनही त्यांची रीतसर तालीम झालेली नाही. आवाज ऐकला तरी ते कळतं. तो घोटलेला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला आवाज नाही. खुला, किंचित घोगरा आणि लोकगीताच्या अंगाचा आहे. ताना-मुरक्यांची अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्याची निराशा होईल. शब्द मात्र एकही हरवत नाही. 'ड़' आणि 'र', 'फ' आणि 'फ़' असे बारीक फरकही नीट कानावर पडतात.

४. 'बावरा मन' त्यांनी सिनेमासाठी लिहिलं का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तर : नाही, गाणं आधीचं आहे. ते त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं आणि स्वतःच म्हणत असत. सुधीर मिश्रांनी ते ऐकलं आणि 'हजारों ख़्वाहिशें ऐसी' या आपल्या चित्रपटात घेतलं, तेही किरकिरेंच्याच आवाजात. संगीतकार होते शांतनू मोइत्रा. पुढे या दोघांची जी जोडी जमली, तिची सुरुवात या चित्रपटापासूनची.

गाण्याची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्या ओळीत 'बावरा' हे विशेषण मनाला लागतं. मग तेच विशेषण बोलण्याला, धडधडीला, श्वासाला लागत जातं. नवी उपमा नाही, भारी शब्द नाही. एकच साधं विशेषण एका नामावरून दुसऱ्यावर सरकतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वेड अंगभर पसरत चाललं आहे. चित्रपट सत्तरच्या दशकातल्या, जग बदलायला निघालेल्या तरुणांचा. त्यांच्या स्वप्नाळूपणाचं इतकं मायेने आणि इतक्या कमी शब्दांत केलेलं वर्णन मला दुसरं आठवत नाही. हे गाणं एखाद्या कसलेल्या गायकाने सफाईदार म्हटलं असतं, तर त्यातलं भाबडेपण उरलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

५. काही ठिकाणी 'हजारों ख़्वाहिशें ऐसी'चं साल २००३ दिसतं, काही ठिकाणी २००५. बरोबर कोणतं?

दोन्हीला आधार आहे. चित्रपट तयार होऊन महोत्सवांत दाखवला गेला तो २००३ मध्ये, आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला तो २००५ मध्ये. त्याच वर्षी 'परिणीता'ही आला. त्यामुळे प्रेक्षकांच्या लेखी किरकिरेंची कारकीर्द २००५ पासून धरायला हरकत नाही.

६. 'परिणीता'ची गाणी त्यांच्या कारकिर्दीत इतकी महत्त्वाची का मानतात?

कारण 'बावरा मन' आयतं तयार होतं, 'परिणीता'त मात्र मागणीनुसार लिहायचं होतं. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा चित्रपट, काळ १९६२ चा, गाव कलकत्ता. गाणी त्या काळातली वाटायला हवीत आणि २००५ च्या रेडिओवर जुनाट वाटायला नकोत, अशी ती अडचण.

'पीयू बोले' घ्या. शब्द बहुतेक दोन अक्षरांचे, आणि 'बोले', 'डोले', 'हौले' अशी ल-काराची मऊ साखळी. सोनू निगम आणि श्रेया घोषाल यांनी ते जवळजवळ कानात बोलल्यासारखं म्हटलं आहे. प्रेम कबूल न केलेल्या दोन माणसांना मोठी वाक्यं देऊन चालत नाही, हे इथे गीतकाराने ओळखलं. त्याच चित्रपटात 'रात हमारी तो' हे गाणं के. एस. चित्रा यांच्यासोबत किरकिरेंनी स्वतः म्हटलं आहे. बरेच जण ते वर्षानुवर्षं ऐकतात आणि पुरुषाचा आवाज कोणाचा हे त्यांना ठाऊक नसतं.

७. शब्द आधी की चाल आधी?

हिंदी सिनेमात बहुधा चाल आधी. संगीतकार चाल गुणगुणतो, जागा भरायला काहीतरी डमी शब्द टाकतो, आणि गीतकाराने त्या मीटरमध्ये, म्हणजे मात्रांच्या साच्यात, खरे शब्द बसवायचे. आपल्याकडे 'गीतरामायण'सारखी उदाहरणं डोळ्यांसमोर असतात, तिथे आधी गदिमांचं गीत, मग बाबूजींची चाल. त्यामुळे मराठी वाचकाला चालीवर लिहिणं कमअस्सल वाटतं. तसं मुळीच नाही. ठरलेल्या जागेत नेमका शब्द सापडणं हे कसब आहे. दीर्घ सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं की गायकाला ते ताणावं लागतं आणि शब्द वेडावाकडा होतो. उलट वर जाणाऱ्या सुरावर 'आ' किंवा 'ओ' आला की गळा मोकळा होतो.

स्वतः गाणाऱ्या गीतकाराचा फायदा इथेच दिसतो. कागदावर ठीक दिसणारी ओळ गळ्यात अडते का, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

८. स्वतः लिहिलेली कोणकोणती गाणी त्यांनी स्वतःच म्हटली आहेत?

'बावरा मन' (प्रश्न ४) आणि 'रात हमारी तो' (प्रश्न ६) वर आलीच. सुधीर मिश्रांच्याच 'खोया खोया चाँद' (२००७) चं शीर्षकगीत त्यांनी अजय झिंगरन यांच्याबरोबर म्हटलं. '३ इडियट्स'मधल्या 'ऑल इज वेल'मध्ये सोनू निगम आणि शान यांच्यासोबत तिसरा आवाज त्यांचा आहे. 'बर्फी!'च्या (२०१२) अल्बममध्ये 'आला बर्फी' दोनदा आहे, एकदा मोहित चौहानच्या आवाजात आणि एकदा किरकिरेंच्या. दोन्ही लागोपाठ ऐका. एकात गोष्ट सांगणारा गायक आहे, दुसऱ्यात चौकात उभा राहून सांगणारा कीर्तनकाराच्या जातीचा माणूस.

चित्रपटाबाहेरचं 'ओ री चिरैया' मी वेगळं काढेन. २०१२ साली 'सत्यमेव जयते' हा दूरदर्शनवर आणि खासगी वाहिन्यांवर एकाच वेळी दाखवला जाणारा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या स्त्रीभ्रूणहत्येवरच्या पहिल्याच भागासाठी हे गाणं होतं. संगीत राम संपत यांचं. विषय असा की गाणं सहज भाषण होऊन बसलं असतं. किरकिरेंनी कुणाला दोष दिला नाही, आकडे सांगितले नाहीत, चिमणीला 'अंगणात परत ये' एवढंच म्हटलं. ही विनवणी बापाच्या तोंडी शोभेल अशी आहे आणि त्यांचा न घोटलेला आवाज तिला अगदी योग्य आहे. आजही हे गाणं लागलं की मी हातातलं काम थांबवतो.

ही यादी संपूर्ण नाही, ठळक गाण्यांची आहे. 'नवराई माझी'साठी प्रश्न १२ पाहा.

९. दुसऱ्याने लिहिलेलं गाणं त्यांनी म्हटलं आहे का?

हो, आणि उदाहरण छान आहे. 'लुटेरा' (२०१३) मधलं 'मोनटा रे' अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिलं, संगीत अमित त्रिवेदींचं, आणि गायले भट्टाचार्य आणि किरकिरे दोघेही. म्हणजे एका गाण्यात दोन गीतकार गात आहेत! चित्रपट पन्नाशीच्या दशकातल्या बंगालचा, गाण्याला बाउल, म्हणजे बंगालमधल्या भटक्या फकिरांच्या, गायकीचा रंग. अशा गाण्याला वाटचाल करणाऱ्या फकिराचा आवाज लागतो, आणि संगीतकाराने तो गीतकारांत शोधला. 'किरकिरे म्हणतात ते सगळं त्यांनीच लिहिलेलं' असं गृहीत धरणाऱ्यांनी हे एक गाणं लक्षात ठेवावं.

१०. राष्ट्रीय पुरस्कार किती? त्यांत गायनाचा कोणता?

तीन पुरस्कार, गायनाचा एकही नाही. सर्वोत्कृष्ट गीतकाराचा दोनदा : 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधल्या 'बंदे में था दम'साठी आणि '३ इडियट्स' (२००९) मधल्या 'बहती हवा सा था वो'साठी. तिसरा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा, 'चुंबक' या मराठी चित्रपटासाठी, ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत.

लोक घोटाळा करतात तो असा की गीतकाराचा पुरस्कार गाण्याच्या नावाने जाहीर होतो, मग 'गाण्याला पुरस्कार' म्हणजे गायकाला पुरस्कार असं समजलं जातं. राष्ट्रीय पुरस्कारांत गीतलेखन, पार्श्वगायक, पार्श्वगायिका हे वेगवेगळे विभाग आहेत. पुरस्कार मिळालेली त्यांची दोन्ही गाणी इतरांनी म्हटलेली आहेत.

११. त्या दोन गाण्यांत पुरस्कारायोग्य असं काय आहे? शब्द तर अगदी साधे आहेत.

साधे आहेत हेच. 'बंदे में था दम' हे गांधीजींवरचं गाणं. राष्ट्रपित्यावर लिहायचं म्हटलं की महात्मा, युगपुरुष, अमर अशी विशेषणं पुढे येतात. इथे त्यांना 'बंदा' म्हटलं आहे. चित्रपटात गांधीजी भेटतात ते मुन्ना या मुंबईच्या टपोरीला, आणि टपोरीच्या तोंडी शोभेल तोच शब्द गीतकाराने घेतला. त्याला जोड दिली 'वंदे मातरम'ची. 'बंदे' आणि 'वंदे', 'दम' आणि 'मातरम' असे ध्वनी एकमेकांत गुंतले की रस्त्यावरची भाषा आणि राष्ट्रगीताच्या तोडीचं गीत एका ओळीत येतात. आदर कुठेही कमी होत नाही. दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे, संगीत शांतनू मोइत्रांचं.

'बहती हवा सा था वो' मध्ये सगळं काम 'था' करतो. दोन मित्र हरवलेल्या तिसऱ्याच्या शोधात गाडीतून निघाले आहेत. गाण्यात त्याच्या स्वभावाच्या दोन-चार खुणा, त्याच्यापुढे स्वतःच्या भित्रेपणाची कबुली, आणि प्रत्येक वेळी भूतकाळ. प्रेक्षकाने रँचोला अजून नीट ओळखलेलंही नसतं, तरी त्याची उणीव भासायला लागते. पटकथेची निम्मी मशागत या एका गाण्याने केली आहे. शान यांच्या जोडीला यात खुद्द संगीतकार शांतनू मोइत्रा गायले आहेत.

१२. 'नवराई माझी' हे मराठी लोकगीत आहे की त्यांनी लिहिलेलं?

गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) साठीचं गाणं, शब्द किरकिरेंचे, संगीत अमित त्रिवेदींचं. धृपदाचा बाज हळदीच्या, लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याचा, म्हणून ते जुनं वाटतं. आपल्याकडच्या लग्नांत ते आता इतकं वाजतं की लोकगीत समजलं जाणं हा मी त्याचा मान समजतो. सुनिधी चौहान, नॅटली डी लुचिओ आणि किरकिरे यांच्यासोबत यात नीलांबरी किरकिरे यांचाही आवाज आहे. हिंदी चित्रपटात, अमेरिकेतल्या लग्नात, मराठी धृपदावर माय-लेक एकत्र गातात ही गोष्ट मला फार आवडते. नायिका शशी गोडबोले पुण्याची, त्यामुळे मराठी इथे ठिगळासारखी वाटत नाही.

१३. ते फक्त हळुवार, 'वेगळ्या' चित्रपटांची गाणी लिहितात का?

हा समज 'बावरा मन'मुळे झाला. 'सिंघम' (२०११) ची गाणीही त्यांचीच, संगीत अजय-अतुल यांचं. इळयराजांच्या चालींवर 'पा' (२००९), शिवाय 'पीके'मधली काही, 'काय पो छे!', आणि अलीकडे '12th फेल'. सगळं सारख्या ताकदीचं आहे असं मी म्हणणार नाही. प्रसंग भक्कम असतो तिथे ते खुलतात. नुसतं नाचाला गाणं हवं असतं तिथे इतरांसारखेच वाटतात.

१४. नट म्हणून काय पाहावं?

आधी 'चुंबक'. भाबड्या प्रसन्नची भूमिका दयेची भीक न मागता केलेली आहे, दोन पोरं त्याला फसवू पाहतात आणि आपण अस्वस्थ होतो. मग अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस', ज्यात शेफाली शाह यांच्या नवऱ्याची भूमिका आहे. पत्नी तिच्या कोकणातल्या बालपणाकडे परतताना हा गृहस्थ एक पाऊल मागे राहून सगळं बघतो. ते मागे राहणं त्यांनी सुरेख वठवलं आहे. 'पंचायत' या वेब मालिकेतले खासदारही तेच.

१५. लिहिणारा आणि गाणारा एकच, असे आधी कोणी होते का?

होते. सर्वांत ठळक नाव कवी प्रदीप, आणि तेही माळव्यातलेच, उज्जैनजवळच्या बडनगरचे. 'जागृति'तलं 'आओ बच्चों तुम्हें दिखाएँ' आणि 'नास्तिक'मधलं 'देख तेरे संसार की हालत', दोन्ही १९५४ ची, त्यांनी लिहिली आणि स्वतःच म्हटली. 'ऐ मेरे वतन के लोगों' हेही त्यांचंच, पण ते लताबाईंचं. प्रदीप यांचा आवाजही तालमीचा नव्हता, उपदेशाला मात्र वजन देणारा होता. रवींद्र जैन लिहीत, चाली बांधत आणि गात. किरकिरेंच्या पिढीत पीयूष मिश्रा आहेत, तेही एनएसडीचे. त्यांनी 'गुलाल' (२००९) साठी शब्द, संगीत आणि आवाज तिन्ही दिले.

१६. 'बावरा मन' शोधलं तर भलतंच गाणं लागतं. का?

'जॉली एलएलबी २' (२०१७) मध्ये याच नावाचं प्रेमगीत आहे, जुबिन नौटियाल आणि नीती मोहन यांच्या आवाजात. त्याचा किरकिरेंशी संबंध नाही. तसाच घोळ 'खोया खोया चाँद'चा. १९६० च्या 'काला बाज़ार'मधलं रफीसाहेबांचं गाणं शैलेंद्र यांचं आहे. २००७ च्या चित्रपटाने नाव तेच घेतलं, गाणं नवं आहे. शोधताना चित्रपटाचं नाव जोडा.

१७. लिहिलंही आणि म्हटलंही, तर मानधन दुप्पट मिळतं का?

कोणाला किती मिळतं हे करारावर ठरतं. हक्क मात्र दोन वेगळे असतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी, म्हणजे रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, जाहीर कार्यक्रम यांसाठी, गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहूनही काढून घेता येत नाही. ही रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करून वाटते. गायकाचा हक्क 'कलाकाराचा हक्क' म्हणून वेगळा आहे, त्यासाठी २०१३ मध्ये गायकांची वेगळी संस्था उभी राहिली. शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो, गायकाचा सादरीकरणापासून ५० वर्षं. दोन्ही भूमिका करणाऱ्याने दोन्हीकडे नाव नोंदवायला हवं, एकीकडची नोंद दुसरीकडे चालत नाही.

१८. मला लिहिता येतं, थोडं गाताही येतं. सुरुवात कुठून करू?

चालीवर लिहिण्याची सवय लावा. एखादं जुनं गाणं घ्या, प्रसंग पूर्ण बदला, आणि त्याच मीटरमध्ये मुखडा आणि दोन अंतरे लिहा. मग स्वतः म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे तुमचीच जीभ अडते ती ओळ बदला. नाटकाच्या गटात शिरता आलं तर फारच उत्तम, कारण तिथे गाणं पात्राच्या तोंडी द्यावं लागतं. लिहिलेलं कुणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन नोंदवा, तिथे गीतांचीही नोंद होते. आणि आवाज 'सुंदर' नाही म्हणून म्हणून दाखवायला लाजू नका. संगीतकाराला गाण्यातला भाव तुमच्याच तोंडून आधी कळतो.

१९. एका यादीत गायक म्हणून किरकिरेंचं नाव आहे, दुसरीत नाही. कोणती खरी धरायची?

चित्रपटाची श्रेयनामावली आणि संगीत कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेला अल्बम, या दोन ठिकाणी जुळतं ते धरा. गाण्याच्या ॲपवर अनेकदा गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं एकाच ओळीत 'कलाकार' म्हणून येतात, त्यामुळे फक्त लिहिलेलं गाणंही त्यांच्या गायनाच्या यादीत जाऊन बसतं. 'बहती हवा सा था वो' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. उलट 'ऑल इज वेल'सारख्या गाण्यात त्यांचा आवाज असूनही लांब नावं कापताना तो गळतो. 'आला बर्फी'च्या बाबतीत कोणता ट्रॅक लावला आहे ते आधी बघा, मग नाव तपासा.